'गुलाम' हा शब्दच नसलेली राज्यघटना: फ्रेडरिक डग्लस यांचा युक्तिवाद नेमका काय होता?

४ जुलै जवळ आला की फ्रेडरिक डग्लस यांच्या एका भाषणातला तुकडा मोबाइलवर फिरायला लागतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने एक माजी गुलाम गोऱ्या श्रोत्यांना विचारतो, तुमच्या या सणाशी गुलामाचा काय संबंध? २०२६ हे तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं २५०वं वर्ष, त्यामुळे यंदा तो तुकडा जरा जास्तच दिसणार. तेवढाच वाचला तर वाटतं, डग्लस अमेरिकेला आणि तिच्या राज्यघटनेला सरळ झिडकारत होते. पण ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झालेलं ते भाषण शेवटापर्यंत वाचलं की माणूस बुचकळ्यात पडतो. कारण शेवटाकडे डग्लस त्याच घटनेला स्वातंत्र्याचा वैभवशाली दस्तऐवज म्हणतात! त्या वेळी देशात तीस लाखांहून जास्त माणसं गुलाम होती, आणि खुद्द गुलामीचे अनेक विरोधकही घटनेला गुलामांच्या मालकांचं हत्यार मानत होते.

मग डग्लस असं का म्हणाले? ते भाबडे होते म्हणून नक्कीच नाही. पण घटनेकडे वळण्याआधी गुलामीचा हिशेब कसा चालायचा ते पाहावं लागेल, कारण त्यांचा सगळा युक्तिवाद त्या हिशेबातून उगवला आहे.

माणूस मालमत्ता होता म्हणजे काय?

गुलामी म्हटलं की आपल्याला वेठबिगार किंवा कर्जापायी राबणारा सालगडी आठवतो. त्या माणसाची पिळवणूक होते, पण कागदावर तो माणूस असतो, कर्जदार असतो. अमेरिकेच्या दक्षिणेतला गुलाम कायद्याने जंगम मालमत्ता होता. त्याला गहाण टाकता येई, मालकाच्या कर्जापायी लिलावात काढता येई, वारसांत वाटून देता येई. मूल बापाचं नव्हे तर आईच्या स्थितीचं वारस ठरे. म्हणजे गुलाम बाईला गोऱ्या मालकापासून मूल झालं तरी ते गुलामच, आणि मालकाच्या मालमत्तेत एकाची भर.

डग्लस यांचा जन्म मेरीलँड राज्यातल्या टॅलबट परगण्यातला, मूळ नाव फ्रेडरिक बेली. आपली जन्मतारीख त्यांना आयुष्यभर कळली नाही. आईचा मालक ॲरन अँथनी याच्या वहीत हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, अशी नोंद आहे. तारीख लिहायची त्याला गरज वाटली नसावी. हा मालक मेल्यावर इस्टेटीची वाटणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या फ्रेडरिकला किंमत ठरवण्यासाठी रांगेत उभं केलं गेलं. त्या रांगेत घोडे होते, मेंढ्या होत्या, डुकरं होती. ही रांग ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

सहा सेंटांचं बक्षीस

तरुणपणी फ्रेडरिक बाल्टिमोरच्या गोदीत काम करत होता. लाकडी जहाजाच्या फळ्यांच्या सांध्यांत सणाच्या जुन्या दोराचे धागे ठोकून बसवायचे आणि वर डांबर भरायचं, म्हणजे आत पाणी झिरपत नाही. कसबी काम होतं, रोज दीड डॉलर मिळे. सहा दिवसांचे नऊ डॉलर. शनिवारी ते सगळे बाल्टिमोरमधला त्याचा मालक ह्यू ऑल्ड याच्या हातात ठेवायचे. कधी सहा डॉलर दिले की ऑल्ड त्यातले सहा सेंट परत देई, उत्साह वाढावा म्हणून. म्हणजे शंभरातला एक हिस्सा. डग्लस यांनी पुढे लिहिलं की त्याचा परिणाम उलटाच झाला. मालक सहा सेंट देतो म्हणजे ही सगळीच रक्कम माझी आहे हे त्याला मनातून पटलेलं आहे, असा अर्थ त्यांनी काढला.

पुढे १८३८ साली एक करार झाला. फ्रेडरिकने आपलं काम आपण शोधायचं, राहणं-जेवणं, कपडे, हत्यारं सगळं स्वतः बघायचं आणि दर आठवड्याला तीन डॉलर मालकाला द्यायचे. आपल्याकडे रिक्षावाला दुसऱ्याची रिक्षा चालवतो आणि मालकाला ठरलेलं भाडं देतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे भाड्याने घेतलेली वस्तू म्हणजे तो स्वतः. खाण्या-राहण्याचे अडीच डॉलर, कपडे आणि हत्यारांची झीज धरून आठवड्याला सहा डॉलर मिळवले तरच तोंडमिळवणी होई. पाऊस लागला, काम मिळालं नाही, तरी मालकाचे तीन डॉलर चुकत नसत. एका शनिवारी पैसे पोचवायला उशीर झाला आणि ऑल्डने करार मोडला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ३ सप्टेंबर १८३८ रोजी, फ्रेडरिक खलाशाच्या वेशात आगगाडीत चढला. खिशात दुसऱ्या एका काळ्या खलाशाचा उसना परवाना होता. त्यावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं, पण कागदावर अमेरिकन गरुडाचा शिक्का होता आणि तिकीट तपासणाऱ्याने त्या शिक्क्याकडेच पाहिलं. गाडी, नाव, पुन्हा गाडी, आगबोट, पुन्हा गाडी असं करत चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला. या प्रवासाला पैशाची मदत केली ती ॲना मरे या स्वतंत्र काळ्या स्त्रीने. पळून आल्यावर बाराव्या दिवशी त्यांचं लग्न झालं. बेली हे नाव टाकून डग्लस हे नाव घेतलं ते पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात.

गुलामांना तशीच राहण्याची सवय होती, असं नव्हतं का?

त्या काळी हा आक्षेप सर्रास घेतला जाई. काळ्या माणसाला बुद्धी कमी, स्वातंत्र्य त्याला पेलणार नाही, तो मुळात वेगळाच प्राणी, वगैरे. डग्लस यांनी त्याला दिलेलं उत्तर मला त्यांच्या सगळ्या वक्तृत्वातलं सर्वात धारदार वाटतं, कारण त्यात भावनेला हात घातलेलाच नाही. त्यांनी मालकांचेच कायदे उघडून दाखवले.

व्हर्जिनिया राज्यात ७२ गुन्हे असे होते की काळ्या माणसाने केले तर फाशी; त्यातल्या फक्त दोन गुन्ह्यांना गोऱ्यासाठी तीच शिक्षा होती. डग्लस विचारतात, बैलाने शेत तुडवलं म्हणून त्याच्यावर कुणी खटला भरतं का? शिक्षा करता, म्हणजे त्याला बरं-वाईट कळतं हे मान्य करता. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवण्यावर दंडाची कलमं होती. गाई-म्हशींना बाराखडी शिकवू नये असा कायदा कुठे आहे तो दाखवा, मग गुलाम माणूस आहे की नाही यावर वाद घालू, असं ते म्हणाले. (बैल आणि म्हशी माझ्या, मुद्दा त्यांचा.)

यात स्वानुभव होता. लहानपणी ऑल्डची बायको सोफिया त्याला अक्षरं शिकवू लागली होती. नवऱ्याने तिला थांबवलं: हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामातून जाईल. मुलाने ते ऐकलं आणि मालक ज्याला एवढा घाबरतो तेच आपल्याला हवं, हे ओळखलं. घरातला पाव खिशात घालून न्यायचा आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन बदल्यात त्यांच्याकडून धडे घ्यायचे. गोदीत सुतार लाकडावर ते जहाजाच्या कोणत्या बाजूला बसणार त्याची आद्याक्षरं खडूने लिहीत; ती गिरवत तो लिहायला शिकला.

हा माणूस खरंच गुलाम होता कशावरून?

ऑगस्ट १८४१ मध्ये नॅनटकेट बेटावरच्या सभेत डग्लस बोलले आणि मॅसॅच्युसेट्सच्या गुलामीविरोधी संस्थेने त्यांना व्याख्याता म्हणून नेमलं. या चळवळीतल्या लोकांना पुढे 'निर्मूलनवादी' म्हणूया: गुलामी हळूहळू सौम्य करत न्यायची नाही, मुळापासून उपटायची, असं म्हणणारे.

पण इथे एक गंमत झाली. डग्लस इतके सफाईने बोलत की श्रोते म्हणू लागले, हा गुलाम असणं शक्य नाही. सहकारी सांगत, तू फक्त हकिगत सांग, तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊ; बोलण्यात थोडा मळ्यावरचा ढंग राहू दे. डग्लस यांना ते मानवलं नाही. १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र छापलं आणि त्यात मालकांची नावं, गावं, सगळं उघड केलं. पहिल्या चार महिन्यांत सुमारे ५,००० प्रती खपल्या. मात्र खरेपणाचा पुरावा दिला की पत्ताही दिला जातो. कायद्याने ते अजून फरार मालमत्ता होते, म्हणून त्यांना आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं.

तिथल्या मित्रांनी १५० पौंड गोळा केले, म्हणजे ७११ डॉलर ६६ सेंट, आणि डिसेंबर १८४६ मध्ये ऑल्डकडून मुक्तिपत्र मिळवलं. यावर काही निर्मूलनवादीच चिडले. पैसे दिले म्हणजे मालकी मान्य केली, असं त्यांचं म्हणणं. डग्लस यांचं उत्तर व्यवहारी होतं: दरोडेखोराने धरून ठेवलेल्या माणसासाठी खंडणी भरली म्हणून तो माणूस दरोडेखोराचा होता असं ठरत नाही. ही रक्कम ऑल्डची भरपाई नव्हती. कायदा ज्याच्या बाजूने उभा आहे त्याच्या तावडीतून सुटण्याची ती किंमत होती. मायदेशी परतून त्यांनी डिसेंबर १८४७ मध्ये रॉचेस्टरला स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा. उत्तरेकडे पळणारे गुलाम रात्री ज्याच्या आधाराने वाट काढत, तो.

घटनेत नेमकं काय लिहिलं होतं?

आता मूळ कोड्याकडे. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकन राज्यघटनेत गुलाम किंवा गुलामी हा शब्द एकदाही येत नाही. पण तीन ठिकाणी त्यांच्याबद्दल बोललेलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिलं ठिकाण प्रतिनिधिगृहातल्या जागांचं. राज्याला किती जागा मिळणार ते लोकसंख्येवर ठरायचं, आणि मोजताना स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची, 'इतर सर्व व्यक्ती' मात्र तीन-पंचमांश. इथेच ग्यानबाची मेख आहे. यावरून काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस मानलं, असं सर्रास सांगितलं जातं. मोजणी कातडीच्या रंगावर नव्हती; स्वतंत्र काळा माणूस पूर्ण एक मोजला जाई. आणि गुलाम पूर्ण मोजावेत ही मागणी मालकांची होती! पाच लाख गुलाम पाच लाख धरले असते तर त्यांच्या नावावर जास्त जागा मिळाल्या असत्या, मत देणारे मात्र फक्त मालक. तडजोडीने पाचाचे तीन लाख झाले. त्या तीन लाखांच्या जागाही मालकांनाच फुकट मिळाल्या.

दुसरं कलम: काही 'व्यक्तीं'च्या आयातीवर संसदेने १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. तिसरं: एका राज्यात 'सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती' दुसऱ्या राज्यात पळाली तर ती ज्याला सेवा देणं लागते त्या पक्षाच्या हवाली करायची.

निर्मूलनवाद्यांचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ही कलमं वाचून निष्कर्ष काढला की हा मृत्यूशी केलेला करार आहे. त्यांनी ४ जुलै १८५४ रोजी भर सभेत घटनेची प्रत जाळली. मतदान करू नका, मालकांच्या राज्यांशी एका संघात राहू नका, ही त्यांची शिकवण, आणि सुरुवातीची दहा वर्षं डग्लसही हेच बोलत. १८५१ मध्ये त्यांनी जाहीरपणे मत बदललं. गुरू-शिष्याचं नातं तुटलं, आणि चांगलंच कडवटपणे तुटलं.

डग्लस यांचं वाचन

१८५२ च्या भाषणात त्यांनी दिलेलं उदाहरण मराठी माणसाला चटकन कळेल, कारण जमिनीचे कागद आपल्या रक्तात आहेत. समजा एका शहराला जमिनीची मालकी देण्यासाठी दस्त केला आणि अख्ख्या दस्तात जमिनीचा उल्लेखच नाही. गट नंबर नाही, चतुःसीमा नाहीत. असा कागद कोणतं कोर्ट मान्य करील? मग माणसावर मालकी देणारा कागद 'गुलाम' हा शब्द न लिहिता कसा चालतो? २६ मार्च १८६० रोजी ग्लासगोत त्यांनी हाच मुद्दा कलमवार मांडला. तीन-पंचमांशाचं कलम म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना दंड, पाचातले दोन कापले; माणसं मुक्त करा, पूर्ण पाच मिळवा. १८०८ चं कलम म्हणजे व्यापार बंद करण्याची मुदत, आणि तो कायदा खरंच १ जानेवारी १८०८ ला लागू झाला. 'सेवा देणं लागणं' हे करारातून येतं. ज्याला कायदा करारच करू देत नाही, तो देणेकरी कसा होईल?

आणि घटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी आहे. आम्ही गोरे लोक नाही, आम्ही नागरिकही नाही. आम्ही घोडे, मेंढ्या, डुकरं आणि हातगाड्याही नाही, असं डग्लस ग्लासगोत म्हणाले. मेरीलँडमधल्या त्या रांगेतल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आहे, म्हणून त्याची धार कळते.

पण घटनाकारांच्या मनात गुलामी होतीच ना?

होती. कित्येकांच्या घरी गुलाम होते, आणि दक्षिणेच्या प्रतिनिधींनी ही कलमं ठासून मागून घेतली होती. डग्लस यांचं म्हणणं असं की बंद दाराआड कोण काय बोललं ते लोकांपुढे आलं नव्हतं. त्या चर्चेची घटनाकारांपैकीच एक असलेल्या मॅडिसन यांनी केलेली सविस्तर टिपणं छापली गेली ती १८४० साली. लोकांनी मंजूर केला तो छापील मजकूर. दस्तावर सही झाली की दस्त बोलतो, विकणाऱ्याच्या मनातले बेत बोलत नाहीत.

हा युक्तिवाद इतिहास म्हणून पूर्ण टिकतो असं मला वाटत नाही. पळालेल्या व्यक्तीच्या कलमात तर तो बराच ताणलेला आहे. वकिली म्हणून तो पक्का आहे, आणि त्यामागचं खरं कारण डग्लस यांनी ग्लासगोतच सांगितलं. मी चाच्यांच्या जहाजावर आहे, सोबत माझ्यामुळे संकटात सापडलेले बायका-पुरुष आहेत, तर मी छोट्या होडीत उडी मारून 'चाच्यांशी संबंध नको' असं ओरडलो म्हणजे माझे हात स्वच्छ होत नाहीत. संघ मोडला तर उत्तरेच्या लोकांचा विवेक निर्मळ राहील, गुलाम मात्र मालकांच्याच ताब्यात राहतील.

कोर्टाने तर उलटाच निकाल दिला

दिला. त्याआधी १८५० चा फरारी गुलाम कायदा आला. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर आयुक्ताची फी दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. मदत करणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मग ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. डग्लस यांनी दोन महिन्यांनी भाषण करून सांगितलं की माझी आशा आज सर्वात उजळ आहे. प्रश्न मिटला मिटला म्हणून जितक्या वेळा घोषणा होते तितक्या वेळा तो वर येतो, हा त्यांचा हिशेब. चार वर्षांत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं.

नैतिक लढा होता, मग युद्धाला पाठिंबा कसा?

गॅरिसन अहिंसेचे कडवे पुरस्कर्ते होते, डग्लस नव्हते. सोळाव्या वर्षी, गुलामांना वठणीवर आणण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड कव्हीशी त्यांनी दोन तास झुंज दिली होती आणि त्यानंतर कव्हीने त्यांना चाबूक लावला नाही. ऑगस्ट १८५७ मधल्या भाषणात ते म्हणाले, सत्ता मागितल्याशिवाय काहीही सोडत नाही. तरी १८५९ साली सशस्त्र उठाव करू पाहणारे निर्मूलनवादी जॉन ब्राऊन यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावरच्या हल्ल्यात यायला सांगितलं तेव्हा त्यांनी नकार दिला. हा पोलादी सापळा आहे, हे त्यांना दिसत होतं.

युद्धात त्यांनी काळ्या सैनिकांची भरती केली, स्वतःचे दोन मुलगे पाठवले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून ३ कपड्यांचे वजा. ७ डॉलर हातात. ऑगस्ट १८६३ मध्ये लिंकन यांना भेटून त्यांनी हा हिशेब तोंडावर मांडला. पगार सारखा करणारा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

मग १८६५ ला गुलामी संपली?

तेराव्या घटनादुरुस्तीने संपवली, आणि 'गुलामी' हा शब्द घटनेत आला तो इथे, पहिल्यांदाच. या कामाबद्दल पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पण त्याच दुरुस्तीत एक वाक्यांश आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीची सेवा चालेल.

मे १८६५ मध्ये गॅरिसन म्हणाले, काम झालं, गुलामीविरोधी राष्ट्रीय संस्था बंद करू. डग्लस यांनी विरोध केला. काळ्या माणसाच्या हाती मत येईपर्यंत गुलामी गेली असं म्हणू नका, हा जुना साप कोणती नवी कात घालून येतो ते आधी पाहा, असं त्यांनी सांगितलं. सहा महिन्यांनी मिसिसिपी राज्याने कायदा केला: मुक्त झालेल्या प्रत्येक माणसाने दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा बाळगायचा. नसेल तर भटक्या ठरवून पन्नास डॉलरपर्यंत दंड. पाच दिवसांत दंड भरला नाही तर जो भरील त्याच्याकडे शेरीफने त्या माणसाला कामाला द्यायचं.